जुना गोडवा की जुना बिघाड? एका व्हॉल्व्ह संचावरील जॅझ आणि ब्लूज श्रवणाचे प्रकरण

हे प्रकरण १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात तयार झालेल्या एका घरगुती श्रवणसंचाचे आहे. आयडलर चाकावर फिरणारा टर्नटेबल, त्यावर स्टीरिओ मॅग्नेटिक कार्ट्रिज (सुईच्या हालचालीचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग), ईएल८४ व्हॉल्व्हच्या (निर्वात नळ्यांच्या) पुश-पुल, म्हणजे परस्परविरुद्ध दिशेने काम करणाऱ्या, जोड्यांवर चालणारा आणि प्रत्येक बाजूस सुमारे १० वॉट देणारा ॲम्प्लिफायर, आणि १२ इंची वूफर व छोटा कागदी ट्वीटर असलेल्या दोन मोठ्या लाकडी पेट्या, असा तो संच होता. मालक हौशी पियानोवादक असून त्यांच्या संग्रहात प्रामुख्याने १९५० आणि १९६०च्या दशकांतील जॅझ व ब्लूजच्या एलपी आणि ७८ फेऱ्यांच्या थोड्या लाखेच्या तबकड्या आहेत. त्यांच्या तक्रारी तीन होत्या. पियानोचे लांबवलेले स्वर हेलकावे खातात, डबल बासची चाल गढूळ होऊन एकमेकांत मिसळते आणि जुन्या मोनो रेकॉर्डवर खरखर असह्य होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याचबरोबर या संचाचा आवाज मऊ आणि गोड आहे, आजच्या यंत्रांत तो सापडत नाही, तेव्हा दुरुस्ती करताना त्या मऊपणाला धक्का लागता कामा नये, अशी त्यांची अट होती. पुढील सगळा गुंता या अटीतून निर्माण झाला.

अशी अट घालणारे ते एकटे नाहीत. जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर म्हणजे ऊबदार, किंचित झाकोळलेला आवाज, अशी समजूत आता इतकी रुळली आहे की तो आवाज यंत्राच्या रचनाकाराला अभिप्रेत होता का, हे कोणी विचारत नाही. कागदोपत्री पुरावा मात्र उलट आहे. लीक कंपनीने १९४५ साली बाजारात आणलेल्या ॲम्प्लिफायरचे नावच ‘पॉइंट वन’ होते, कारण त्याची विकृती, म्हणजे यंत्राने मूळ आवाजात केलेली भेसळ, ०.१ टक्क्यापर्यंत खाली आणल्याचा कंपनीला अभिमान होता. अभियंता विल्यमसन यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ॲम्प्लिफायरच्या आराखड्याने तेच उद्दिष्ट हौशी मंडळींच्या आवाक्यात आणले. त्या पिढीच्या अभियंत्यांना पारदर्शकता हवी होती, आणि बऱ्याच अंशी ती त्यांना साधलीही होती. या संचावर वाजणाऱ्या रेकॉर्डही त्याच काळातल्या. कोलंबिया कंपनीची एलपी १९४८ची, ध्वनिमुद्रणातील खर्ज-तार समतोलाचे आरआयएए प्रमाण १९५४चे आणि स्टीरिओ तबकड्यांचा सार्वत्रिक प्रसार १९५८पासूनचा. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी १९५९पर्यंत न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे आईवडिलांच्या घरातील दिवाणखान्यात ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीसाठी जे ध्वनिमुद्रण केले, त्यात मायक्रोफोन वाद्यांच्या अगदी जवळ ठेवलेले असत आणि झांजेचा घाव जाणूनबुजून पुढे आणलेला असे. असे ध्वनिमुद्रण मऊ वाजत असेल, तर शंका रेकॉर्डवर न घेता यंत्रावर घ्यायला हवी.

तपासणी खाचेपासून सुरू करून स्पीकरपर्यंत न्यायची, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर दोष रेकॉर्डचा की यंत्राचा हे आधी ठरवायचे, असा क्रम ठेवला. हा क्रम उलटा धरणारे आधी नवे स्पीकर आणतात आणि मग जुन्याच तक्रारी अधिक स्पष्टपणे ऐकतात.

हेलकाव्यांचा निकाल घड्याळावर लागला. ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांत पूर्ण होते. स्वराची चढउतार याच आवर्तनाने होत असेल, तर दोष बहुतेक वेळा तबकडीत असतो, म्हणजे मधले छिद्र केंद्रापासून सरकलेले असते किंवा तबकडी वाकलेली असते. छिद्र केवळ १ मिलिमीटर सरकले, तरी केंद्रापासून १०० मिलिमीटर अंतरावरच्या खाचेत वेग दोन्ही बाजूंना १ टक्क्याने बदलतो. सॅक्सोफोनवादकाच्या कंपनात हे लपून जाते, पण पियानोचा स्वर एकदा वाजला की वादकाला तो हलवता येत नाही, म्हणून सारे पितळ तिथे उघडे पडते. या संचावर दोन्ही प्रकार होते. काही रेकॉर्डवर संथ, १.८ सेकंदांचा झोका होता आणि तो त्या रेकॉर्डपुरताच होता. सगळ्या रेकॉर्डवर मात्र त्याखाली एक जलद थरथर जाणवत होती, सेकंदाला तीनच्या आसपास. मोटरच्या पुलीकडून प्लॅटरच्या आतल्या कडेला गती देणारे रबरी आयडलर चाक साधारण याच वेगाने फिरत होते.

चाक बाहेर काढून बोटाच्या टोकाने कडा चाचपली, तेव्हा एका जागी नखाएवढी चपटी खळगी हाताला लागली. मालक टर्नटेबल त्याच्या खटक्याने बंद न करता भिंतीवरील बटणाने बंद करीत. खटका चालू स्थितीत राहिला की चाक पुली आणि प्लॅटर यांच्यात दाबलेलेच राहते, आणि महिनोन्‌महिने एकाच जागी दाब बसला की रबर तिथे बसते. खळगी खोल होती, म्हणून रबर घासून सारखे करण्याचा प्रयत्न सोडून चाक बदलले, मोटरचे कोरडे पडलेले बेअरिंग साफ करून त्यात तेल घातले, आणि खटक्याने बंद करण्याची सवय मालकांना लावून घ्यावी लागली.

यानंतर वेग. त्यासाठी स्ट्रोबची चकती, म्हणजे कडेने समान रेघा आखलेली चकती, वापरली. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून ३३⅓च्या वेगाला १८० रेघा स्थिर दिसायला हव्यात. ६० हर्ट्झ असेल तिथे २१६. अनेक एलईडी दिवे लुकलुकतच नाहीत, त्यामुळे छोटा निऑन दिवा लागतो, ही बाब पुष्कळदा विसरली जाते आणि वेग बरोबर असूनही रेघा का दिसत नाहीत, असा घोळ होतो. साफसफाईपूर्वी रेघा मागे सरकताना दिसल्या होत्या. टर्नटेबल शेकडा एकाच्या आसपास मंद होता. तेल घातल्यावर आणि वेगाचा चुंबकीय ब्रेक जुळवल्यावर त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

इथे मालकांनी एक चमत्कारिक तक्रार केली. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या रेकॉर्डची जुनी प्रत त्यांच्याकडे होती आणि ते घरच्या पियानोवर तिच्याबरोबर वाजवत. पूर्वी पहिली बाजू पियानोशी जवळजवळ जुळत असे आणि दुसरी किंचित उतरलेली वाटे. आता दुसरी जुळते, पण पहिली चढी वाटते, तेव्हा वेग बिघडवून ठेवला, असा त्यांचा स्पष्ट आरोप होता. त्यांचे कान अचूक होते. या रेकॉर्डचे ध्वनिमुद्रण कोलंबियाच्या न्यूयॉर्कमधील तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवशी झाले. २ मार्चला मुख्य टेप यंत्र किंचित मंद चालत होते, त्यामुळे योग्य वेगाने वाजवल्यावर त्या दिवशीच्या तीनही रचना चढ्या ऐकू येतात, आणि त्या तिन्ही पहिल्या बाजूवर आहेत. १९९०च्या दशकातील पुनर्मुद्रणांत ही चूक दुरुस्त झाली. जुन्या प्रतींत ती कायमची कोरलेली आहे. मालकांचा मंद टर्नटेबल इतकी वर्षे ध्वनिमुद्रणातील दोष झाकत होता आणि त्याची किंमत बाकीचा सारा संग्रह उतरलेल्या स्वरात वाजून चुकवत होता. एका बाजूसाठी यंत्र चुकीचे ठेवायचे नाही, हे त्यांनी मान्य केले. त्या बाजूपुरता ब्रेक जरा ओढून घेण्याची मोकळीक मात्र त्यांनी स्वतःकडे राखली, आणि त्यात गैर काही नाही.

मोनो रेकॉर्डच्या खरखरीचे कारण भिंगाखाली दिसले. सुईच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना घासून सपाट झालेल्या चकत्या चमकत होत्या, म्हणजे ती खाचेत बसण्याऐवजी भिंती तासत होती. सुई बदलणे अटळच होते. पण त्याखेरीज १९५०च्या दशकातील मोनो एलपीची खाच साधारण २५ मायक्रॉन त्रिज्येच्या सुईसाठी कापलेली असते, तर स्टीरिओची गोलाकार सुई १८ मायक्रॉनच्या आसपास असते. बारीक सुई जुन्या खाचेत अधिक खोल उतरते आणि तळाशी साचलेला कचरा वाचत जाते. म्हणून मोनोसाठी २५ मायक्रॉनच्या सुईचे वेगळे कार्ट्रिज दुसऱ्या हेडशेलवर (टोनआर्मच्या टोकाला लागणाऱ्या, बदलता येणाऱ्या भागावर) बसवले. आधीच्या मालकांच्या जड टोनआर्मनी भिंतींचा जो पट्टा घासला होता, त्याच्या जरा वर ही जाड सुई टेकते, त्यामुळे काही रेकॉर्डवर ताज्या खाचेचा आवाज मिळाला. याला आणखी एक जोड द्यावी लागली. मोनो खाचेतील संगीत केवळ आडव्या हालचालीत असते. सुईची उभी हालचाल म्हणजे धूळ, वाकलेपणा आणि मोटरची घरघर. दोन्ही बाजू एकत्र केल्या की ही उभी हालचाल परस्परांना छेदून नाहीशी होते. ॲम्प्लिफायरवर त्यासाठी मोनोचे बटण होतेच, पण त्याचे संपर्क इतके काळवंडलेले होते की ते दाबूनही एकच बाजू वाजत असे आणि मालकांनी ते वापरणे सोडून दिले होते. संपर्क साफ केल्यावर आयडलरची घरघरही मोनो रेकॉर्डवर जवळपास ऐकू येईनाशी झाली.

ॲम्प्लिफायर उघडल्यावर गोडव्याच्या अटीचा खरा प्रश्न समोर आला. (व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या आत बंद केल्यानंतरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो, तो रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आणि उतरला हे मीटरवर पाहिल्याशिवाय आत हात घालू नये.) ईएल८४च्या प्रत्येक ग्रिडला (व्हॉल्व्हमधील प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या जाळीला) आधीच्या टप्प्याकडून संगीत आणून देणारा कागदी कपॅसिटर असतो. त्याने संगीत पुढे जाऊ द्यावे आणि आधीच्या टप्प्यावरचा उच्च डीसी दाब अडवावा, एवढेच त्याचे काम असते. कागद ओल शोषून गळू लागला की हा दाब थेंबाथेंबाने पुढे झिरपतो. ग्रिडवर शून्य व्होल्ट दिसायला हवे होते, तिथे उजव्या बाजूच्या एका व्हॉल्व्हवर ३ व्होल्ट दिसत होते. ४७० किलोओहमच्या रेझिस्टरवर एवढा दाब यायला सहा-सात मायक्रोअँपिअर पुरतात. इतक्या क्षुल्लक गळतीने त्या व्हॉल्व्हमधून ३६ऐवजी ४८ मिलिअँपिअर प्रवाह वाहत होता आणि ३०० व्होल्टच्या दाबावर तो आपल्या १२ वॉटच्या मर्यादेपलीकडे जाऊन तापत होता.

परिणाम दोन झाले आणि दोन्ही मालकांच्या वर्णनाशी तंतोतंत जुळत होते. पुश-पुल जोडीतील दोन्ही व्हॉल्व्हमधून समान प्रवाह गेला, तरच आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातील त्यांचे डीसी चुंबकत्व एकमेकांना निष्प्रभ करते. प्रवाह असमान झाला की गाभा एका बाजूला आधीच भरलेला राहतो, आणि खालच्या स्वरांना लागणारी मोठी हालचाल त्यात मावत नाही. डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला बोलते. तिथे नेमकी जागा अपुरी पडत होती, म्हणून चाल गढूळ होत होती. दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. निरोगी पुश-पुल जोडी समसंख्य हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट अशा कंपनसंख्येचे उपस्वर, रद्द करते. जोडी विस्कटली की ते शिल्लक राहतात. त्यांतील दुसरा हार्मोनिक मूळ स्वराच्या बरोबर एक सप्तक वर असल्यामुळे कानाला तो बेसूर वाटत नाही, उलट आवाज भरीव झाल्याचा भास होतो. मालकांना प्रिय असलेला भरीवपणा आणि त्यांना खटकणारा गढूळपणा एकाच गळक्या कपॅसिटरचे दोन चेहरे होते. एक ठेवून दुसरा घालवण्याची सोय नव्हती.

मऊपणाचा दुसरा उगम फोनो विभागात, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या भागात, होता. आरआयएए प्रमाणात तबकडी कापताना वरचे स्वर चढवलेले असतात आणि वाजवताना ॲम्प्लिफायर ते ७५ मायक्रोसेकंदांच्या कालस्थिरांकाने तेवढेच उतरवतो. हा स्थिरांक ठरवणाऱ्या कार्बन रेझिस्टरचे मूल्य वयोमानाने सुमारे ४० टक्क्यांनी वाढले होते, म्हणजे ७५ऐवजी १०५ मायक्रोसेकंद झाले होते, आणि १० हजार हर्ट्झवर जवळजवळ ३ डेसिबलची घट पडत होती. ट्वीटरकडे जाणारा कपॅसिटरही क्षीण झाला होता, त्यामुळे उरलेसुरले तार स्वर तिथे गळत होते. झिजलेली सुई, सरकलेला रेझिस्टर, दमलेला कपॅसिटर आणि असमान व्हॉल्व्ह या सगळ्यांच्या मिळून झालेल्या आवाजाला मालक ‘त्या काळचा गोडवा’ म्हणत होते. त्या काळी या संचाने असा आवाज कधीही दिला नसणार.

हे सगळे मोजमापांसह त्यांच्यासमोर ठेवले आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. त्यांनी बराच वेळ घेतला. तापणारा व्हॉल्व्ह आणि त्यासोबत ट्रान्सफॉर्मर जळण्याची शक्यता नसती, तर त्यांनी नकार दिला असता, असे मला वाटते. होकार मिळाल्यावर कागदी कपॅसिटर, वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, सरकलेले रेझिस्टर आणि ट्वीटरचे कपॅसिटर एवढेच बदलले. व्हॉल्व्ह चाचणीत उत्तम निघाले, त्यांना हात लावला नाही. तापणारा व्हॉल्व्हसुद्धा ग्रिड ताळ्यावर येताच ३६ मिलिअँपिअरवर स्थिरावला. चांदी-अभ्रकाचे कपॅसिटर मूळ मूल्यावरच होते. जुन्या संचाची दुरुस्ती म्हणजे आतले सगळे काढून नवे भरणे, हा उत्साह मला पटत नाही. मीटर जे निर्दोष ठरवतो ते काढण्यात पैशाबरोबर पुरावाही जातो.

दुरुस्तीनंतरची पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे नाराजीची होती. झांजा अंगावर येतात, आवाज कोरडा झाला, असे ते म्हणाले. मत बदलायला ब्लूजची रेकॉर्ड कारण झाली. मडी वॉटर्स यांची १९६४ची ‘फोक सिंगर’ ही एलपी विद्युत गिटारच्या गजराऐवजी अकूस्टिक गिटारवर बेतलेली आहे. सोबतीला बडी गाय यांची गिटार, विली डिक्सन यांचा बास आणि क्लिफ्टन जेम्स यांचे ड्रम. आधी या रेकॉर्डवर दोन गिटार मिळून एकच जाडसर झणकार ऐकू येत असे. आता एका गिटारवर तारेवरून सरकणारे बोट आणि दुसरीवरची नखी वेगळी कळू लागली, गायक ओळ संपवून थांबतो त्या जागेत खोलीचा प्रतिध्वनी विरताना ऐकू येऊ लागला, आणि बासच्या प्रत्येक स्वराला सुरुवात आणि शेवट मिळाला. मालकांनी ती बाजू पुन्हा लावली, मग व्हॅन गेल्डर यांनी मुद्रित केलेली एक मोनो रेकॉर्ड लावली, आणि त्यानंतर ट्रेबलचा खटका एक घर खाली आणला. तो खटका त्यासाठीच दिलेला असतो. मऊपणा हवा तेव्हा तो श्रोत्याच्या हातात असावा आणि नको तेव्हा काढता यावा. बिघाडातून आलेला मऊपणा असा काढता येत नाही.

लाखेच्या तबकड्यांची गोष्ट निराळी निघाली. १९२५पूर्वी ध्वनिमुद्रण विजेशिवाय, कर्ण्याच्या साहाय्याने होत असे. ब्लूज गायिका बेसी स्मिथ यांची १९२३ची कोलंबियासाठीची मुद्रणे त्याच पद्धतीची आहेत आणि त्यांत तार स्वरांचा आवाका मुळातच तोकडा आहे. त्यामुळे ॲम्प्लिफायर सुधारल्यावर तिथे संगीत वाढले नाही, खरखर तेवढी वाढली. पॅरामाउंटच्या ब्लूज तबकड्या तर याहून वाईट. खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीने काढलेले ते लेबल, आणि त्यांच्या लाखेचा दर्जा आजही संग्राहकांना रडवतो. या तबकड्यांसाठी सुमारे ७० मायक्रॉनची सुई, मोनोचे बटण आणि ॲम्प्लिफायरवरचा स्क्रॅच फिल्टर, एवढ्यावर भागवले. मालक एलपी अल्कोहोलमिश्रित द्रावाने पुसत आणि तोच द्राव लाखेच्या तबकड्यांवर वापरण्याच्या बेतात होते. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, तेव्हा त्यांचा तो बेत वेळीच थांबवला.

काही गोष्टी तशाच ठेवल्या आहेत. स्टीरिओ रेकॉर्डच्या शांत जागी आयडलरची घरघर अजून ऐकू येते. ती त्या रचनेसोबत येते आणि टर्नटेबल जड पायावर बसवल्यास थोडी कमी होईल. छिद्र सरकलेल्या तीन-चार रेकॉर्डचा झोका कायम आहे. त्यांतल्या दोन इतक्या दुर्मीळ आहेत की छिद्र मोठे करून तबकडी मधोमध बसवण्याचा प्रयोग मालकांना नको आहे. ग्रिडवरचे व्होल्ट वर्षातून एकदा तपासायचे आणि तिथे शून्याखेरीज काही दिसले तर संच वाजवायचा नाही, असे ठरले आहे. त्यासाठी तपासणीची ठिकाणे तळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदावर आखून चिकटवली आहेत.